चोर सोडून संन्याशाला सुळी

दिवाळीचा आणि इंग्लंडातल्या फुटबॉलचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे. तिकडचा हंगाम ऑगस्टात सुरू होतो. आपल्याकडे चकलीची भाजणी दळून येईपर्यंत तिकडे प्रत्येक संघाचे आठ-दहा सामने खेळून झालेले असतात. आणि त्यांतले पाच-सहा ज्यांनी गमावले, त्यांच्या मॅनेजरच्या मानेकडे क्लबाचे मालक टक लावून पाहू लागतात. २०२५ सालचेच पाहा. १८ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्याकडे धनत्रयोदशीचे दिवे लागत होते त्या दिवशी, नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबाने सामना संपून अर्धा तास व्हायच्या आत आपले मॅनेजर आंगे पोस्टेकोग्लू यांना घरी पाठविले. त्यांची नोकरी झाली होती अवघी ३९ दिवसांची. त्यांच्या आधीच्या नूनो यांनी हाच संघ मागच्या हंगामात सातव्या क्रमांकावर नेऊन युरोपातल्या स्पर्धेत पोहोचविला होता. नव्या हंगामाचे तीन साखळी सामने होतात न होतात तोच त्यांनाही निरोप मिळाला होता.

तिकडचा मॅनेजर म्हणजे आपल्या पेढीवरचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून खातेवही चाळणारा मॅनेजर नव्हे. संघ निवडावयाचा त्याने, सराव घ्यावयाचा त्याने, कोणाला कोठे उभे करावयाचे ते ठरवावयाचे त्याने, आणि हरल्यावर पत्रकारांपुढे मान खाली घालून बसावयाचे तेही त्यानेच. मालक वरच्या सज्जात, काचेमागे.

माझे म्हणणे सरळ आहे. भर हंगामात, चार सामने हरले म्हणून, मॅनेजरला काढणारा मालक बहुतेक वेळा स्वतःचा गुन्हा दुसऱ्याच्या नावावर लिहीत असतो. या माणसाला नेमले कोणी? मालकाने. खेळाडू घेण्यासाठी पैसा सोडला किंवा आवळून धरला कोणी? मालकाने. मागच्या वर्षीचा उत्तम खेळाडू चांगला भाव आला म्हणून विकला कोणी? त्यानेच. पण मालक स्वतःला काढून टाकू शकत नाही, आणि पंचवीस खेळाडूंना एका रात्रीत गावाबाहेर घालविता येत नाही. राहता राहिला एकटा माणूस. मग त्याच्या गळ्याच्या मापाचा फास तयार होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची आपल्याकडची जुनी रीत साहेबाच्या देशातही अशी थाटात चालू आहे!

यातली गंमत अशी की, खेळाडूंची खरेदी-विक्री तिकडे वर्षातून दोनदाच करता येते. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा जानेवारीत. मॅनेजरला मात्र वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत कधीही काढता येते. म्हणजे नोव्हेंबरात आलेल्या नव्या माणसाच्या हाती तेच अकरा पाय-जोड येतात, जे जुन्याच्या हाती होते. स्वयंपाकघरात डाळ-तांदूळ तेच, चूल तीच, सरपण ओले तेही तेच. आचारी तेवढा बदलला, आणि आता पंक्तीला पुरणपोळी वाढा म्हणून मालक पाट मांडून बसलेले.

"पण नवा माणूस आला की संघ जिंकू लागतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो," असे मला माझ्या घरातलीच तरुण मंडळी ऐकवितात. पाहतात हे खरे. आपल्याकडे पोराला ताप भरला की पूर्वी दोन दिवस वाट पाहात, तिसऱ्या दिवशी मांत्रिकाला बोलावीत आणि चौथ्या दिवशी ताप उतरे. तो ताप उतरणारच होता, पण कोंबडी मांत्रिकाला मिळे. संघाचेही तसेच आहे. बऱ्यापैकी संघ सतत हरत राहात नाही. घसरणीच्या तळाशी गेला की तो आपोआप थोडा वर येतो. आणि मालक नेमके तळाशीच मांत्रिकाला बोलावितात. बास तेर वील नावाच्या एका डच अर्थशास्त्रज्ञाने हॉलंडातल्या पहिल्या वर्गाच्या फुटबॉलची १९८६ ते २००४ पर्यंतची कुंडली मांडली. घसरण लागल्यावर ज्यांनी मॅनेजर बदलला ते क्लब एका बाजूला, तशीच घसरण लागूनही ज्यांनी बदलला नाही ते दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू सारख्याच सावरल्या होत्या. बदलणाऱ्यांना नुकसानभरपाई तेवढी जास्त पडली असणार.

आता ज्याच्या नावाने या वादात सगळेच शपथा घेतात त्या ॲलेक्स फर्ग्युसन यांच्याकडे येतो. ते नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले. तीन वर्षे झाली तरी हाती एकही करंडक नाही. सप्टेंबर १९८९ मध्ये गावातल्याच मँचेस्टर सिटीने त्यांना पाच विरुद्ध एक असे धुतले. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, साखळीत एक विजय मिळेना. तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता रामराम घ्या, अशा अर्थाचे फलक प्रेक्षकांनी मैदानात फडकविले. जानेवारी १९९० मध्ये करंडकाच्या सामन्यात मार्क रॉबिन्स या पोराने नॉटिंगहॅम फॉरेस्टवर गोल केला, संघ एक-शून्य जिंकला, आणि 'त्या गोलाने फर्ग्युसनची नोकरी वाचविली' ही दंतकथा जन्माला आली. दंतकथाच ती! त्यांची नोकरी त्या एका सामन्यावर अवलंबून नव्हती, असे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी पुढे सांगितले आहे.

का बरे नव्हती? कारण त्या संचालकांपैकी काहींना खेळ कळत होता. बॉबी चार्ल्टन त्यांच्यात बसत होते. शनिवारी गोल किती झाले ते प्रत्येक पोराला दिसते. पण मंगळवारी सकाळी सरावाला काय चालले आहे, गावोगावची तेरा-चौदा वर्षांची पोरे हेरून आणावयास माणसे किती धाडली आहेत, दारू पिऊन सरावाला येणाऱ्यांचे काय झाले, हे मैदानाच्या मागच्या दाराने आत जाणाऱ्यालाच दिसते. रायन गिग्ज नावाचा मुलगा त्याच काळात, १९८७ मध्ये, क्लबात आला. बेकहॅम, स्कोल्स, नेव्हिल ही पोरे पाठोपाठ आली. तो संघ १९८९-९० च्या साखळीत तेरावा आला. त्याच मे महिन्यात मात्र त्याने करंडक जिंकला. १९९३ मध्ये, सव्वीस वर्षांनी, साखळीचे विजेतेपद मिळविले. आणि २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खाती अशी तेरा विजेतेपदे होती. त्याच क्लबाने त्यांच्या जागी डेव्हिड मॉइस यांना सहा वर्षांचा करार देऊन आणले आणि दहाच महिन्यांत काढले. सहा वर्षांचा करार! आपल्याकडे सात जन्मांच्या गाठी बांधतात आणि निदान एक जन्म तरी रेटतात.

प्रतिपक्षाच्या भात्यातले बाणही मला ठाऊक आहेत. चेल्सीचे नाव ते पहिल्याने घेतील. रोमान अब्रामोविच यांनी मॅनेजर उन्हाळ्यातल्या सदऱ्यांसारखे बदलले. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये, भर हंगामात माणूस बदलूनच, युरोपचे सर्वोच्च विजेतेपद आणले. मान्य. पण ज्या घरात आचारी रोज बदलला तरी कोठीत साजूक तुपाचे डबे छतापर्यंत रचलेले आहेत, त्या घराचा दाखला अर्धा शेर तेल पुरवून वापरणाऱ्याने घ्यावा काय? आणि २०१२ चे ते विजेतेपद आणणाऱ्या डी मात्तेओ यांना त्याच वर्षी नोव्हेंबरात काढले, हे सांगावयास ही मंडळी विसरतात. दुसरा बाण लेस्टरचा. क्लाउडिओ रानिएरी यांनी २०१६ मध्ये अशक्य ते शक्य करून दाखविले, नऊ महिन्यांनी त्यांना काढले, आणि संघ लगेच जिंकू लागला, बारावा येऊन तरला. बरोबर आहे. ज्या शेक्सपियर यांनी संघ तारला त्यांना मग तीन वर्षांचा करार मिळाला. चार महिन्यांनी त्यांनाही काढले. मांत्रिकही बदलले की!

उलट बाजूने, धीराचा अतिरेक होतो, हेही मी नाकारीत नाही. ब्रायन क्लफ यांनी त्याच नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७९ आणि १९८० अशी दोनदा युरोपची गादी मिळवून दिली. अठरा वर्षे ते तेथे होते. शेवटच्या वर्षी, १९९३ मध्ये, थकलेले असताना संघासह खालच्या वर्गात गेले. तो धीर नव्हता, ती कृतज्ञता होती. ती वेगळी गोष्ट आहे, आणि खरे सांगावयाचे तर मला ती अधिक शोभिवंत वाटते.

पण या सगळ्या परक्यांच्या गोष्टी. एक गोष्ट आपल्या अंगणातली आहे आणि ती बोलल्यावाचून मला राहवत नाही. ब्लॅकबर्न हे लँकेशरातले कापडगिरण्यांचे गाव. १९३१ साली गांधीजी बेकार गिरणीकामगारांना भेटावयास गेले ते याच गावाला लागून असलेल्या डार्वेनला. १८८८ मध्ये ज्या बारा क्लबांनी इंग्लंडची साखळी सुरू केली त्यांतला एक ब्लॅकबर्न रोव्हर्स. १९९५ चा विजेता. तो क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये विकत घेतला पुण्याच्या कंपनीने. कुक्कुटपालनाच्या धंद्यातल्या वेंकीज यांनी. मला त्या दिवशी बरे वाटले होते. ज्या लँकेशरच्या कापडाची आपल्या आजोबांनी होळी केली, तेथला क्लब पुण्याच्या हाती!

पुढे काय झाले? डिसेंबर उजाडला. संघ वीस क्लबांत तेरावा होता. म्हणजे घसरणसुद्धा म्हणता येत नाही. मॅनेजर सॅम ॲलरडाइस अनुभवी माणूस. बुडती नाव काठाला लावण्यात त्यांचा हातखंडा. त्यांना काढले. त्यांच्या जागी आलेल्या स्टीव्ह केन यांना मात्र, सारे गाव रस्त्यावर उतरले तरी, दीड-पावणेदोन वर्षे ठेवले. मे २०१२ मध्ये संघ खालच्या वर्गात गेला, त्या सामन्यात प्रेक्षकांतून कोणी एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालकांचा धंदा काय ते त्या कोंबडीने सगळ्या जगाला सांगितले. पुण्याच्या माणसाला हे वाचताना काय वाटले असेल ते मी लिहीत नाही.

सप्टेंबरात केन गेले. ऑक्टोबर संपता संपता हेनिंग बर्ग आले आणि नाताळाच्या दुसऱ्या दिवसानंतर गेले. ५७ दिवस, दहा सामने, एक विजय. जानेवारीचा बाजार उघडण्याच्या आधीच त्यांना काढले, म्हणजे पदराला एक खेळाडू बांधून घेण्याचीही संधी दिली नाही. न्यायालयाने बर्ग यांना सुमारे साडेबावीस लाख पौंड द्यावयास लावले. त्यांच्यामागून मायकेल ॲपलटन: ६७ दिवस. क्लबाचा तोटा मालकांनी वर्षानुवर्षे पदरमोड करून भरला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. म्हणूनच तर माझा राग अधिक आहे. पैसा होता, इच्छा होती. नव्हते ते मैदानावर येऊन बसणे. मालक इकडे फिरकत नाहीत, हीच तेथल्या प्रेक्षकांची मोठी तक्रार. जो पाहात नाही त्याच्या धीराला अर्थ नाही आणि अधीरपणालाही नाही. तेराव्या क्रमांकावरच्याला तो काढतो आणि बुडविणाऱ्याला ठेवतो.

याच मालकांनी एकदा वेगळे केले. फेब्रुवारी २०१७ मध्ये टोनी मोब्रे आले; मेमध्ये संघ तिसऱ्या वर्गात घसरला. प्रघाताप्रमाणे मोब्रे यांची बोळवण व्हावयाची. ती झाली नाही. एका वर्षात त्यांनी संघ पुन्हा वर आणला, आणि करार संपेपर्यंत, २०२२ पर्यंत, ते तेथे राहिले. आणि दूर कशाला, आपल्या गोव्यात धेंपो क्लबाने आर्मांदो कुलासो यांना दशकाहून अधिक काळ एकाच खुर्चीवर बसू दिले, आणि त्यांनी पाच राष्ट्रीय विजेतेपदे पणजीला आणली. धीर ही काही साहेबाकडूनच आयात करावयाची वस्तू नाही.

खालच्या वर्गात जाण्याची भीती खोटी आहे, असे मी म्हणत नाही. वीसातले तीन दरवर्षी जातात आणि दूरचित्रवाणीचा सगळा पैसा त्यांच्यामागे जात नाही; गावातल्या चहावाल्यापासून झेंडे विकणाऱ्यापर्यंत सर्वांच्या पोटाला चिमटा बसतो. पण तीन जाणारच. सगळ्या वीस जणांनी मॅनेजर बदलले तरी तीन जाणारच!

म्हणून माझी सूचना अशी आहे. खेळाडूंच्या बाजाराला जशा मुदती आहेत तशी मॅनेजरला काढण्यालाही असावी: शेवटचा सामना झाल्यापासून पहिला सामना होईपर्यंत. लबाडी केली, खेळाडूवर हात टाकला, तर तेव्हाच काढा. हरला म्हणून काढावयाचे असेल तर मेपर्यंत थांबा. आणि ज्या मालकाला थांबवत नसेल त्याने काचेमागून उठून, लँकेशरच्या नोव्हेंबरातल्या पावसात, उघड्या बाकावर, वीस वर्षे त्याच जागी बसत आलेल्या एखाद्या म्हाताऱ्याशेजारी सलग पाच सामने बसून दाखवावे. तिकिटाचे पैसे मी देतो.