विश्लेषण : कीबोर्डवादक परगावी, गाणे तुमचे, मग वादनावर हक्क कुणाचा?

गाणे पुण्यात, कीबोर्डवादक कोचीत आणि दोघांची भेट कधीच नाही. ‘साउंडबेटर’सारख्या संकेतस्थळांमुळे यात आता नवल उरलेले नाही.

फाइल कोणती मागावी?

वादकाला टेम्पो, पट्टी आणि क्लिकसह कच्चे ध्वनिमुद्रण पाठवा. त्याच्याकडून वेव्ह आणि मिडी या दोन्ही फाइल घ्या. मिडीत आवाज नसतोच. कोणता सूर, किती जोराने, किती वेळ वाजला एवढीच नोंद असते. त्यामुळे पियानोचा ऑर्गन नंतरही करता येतो. नुसती एमपीथ्री घेणारे मिक्सिंगला अडकतात.

मानधन दिले म्हणजे सारे आपले?

नाही. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार, व्यावसायिक वापर झाल्यास वादकही रॉयल्टीचा हक्कदार ठरतो (कलम ३८अ). वादक म्हणून आपले नाव द्यावे, असा आग्रहही तो धरू शकतो. या तरतुदी बहुतेकांच्या गावीही नसतात. शिवाय हक्क तुमच्या नावे करून घ्यायचे, तर लेखी करार आणि सही लागते. म्हणून फेरबदल किती वेळा, श्रेयनामावलीत नाव कसे, रॉयल्टीचे काय, हे आगाऊ रक्कम देण्याआधीच कागदावर आणा. व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यावर काम सुरू करू नका.