माळ्यावरचे रोबोट

वरळीच्या बीडीडी चाळींतले माळे सध्या रिकामे होत आहेत. 14 ऑगस्ट 2025 रोजी पहिल्या 556 कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, बाकीच्यांचे टप्प्याटप्प्याने होईल. 1920च्या दशकात सरकारच्या विकास विभागाने बांधलेल्या या चाळी. एकट्या वरळीत 121 इमारती, आणि खोली 160 चौरस फुटांची. तिथून 500 चौरस फुटांत जाताना माणसे सुखावली आहेत, आणि त्यांनी सुखावावेच. पण सामान हलवण्याआधीच्या दिवसांत घराघरांत एकच वाटणी चाललेली असते: काय न्यायचे आणि काय भंगारवाल्याला द्यायचे. जुने खेळण्यातले रोबोट जमवण्याच्या आपल्या छंदाच्या दृष्टीने हे दिवस फार मोलाचे आहेत आणि ते आपल्या हातून निसटत आहेत. म्हणून हे संपादकीय.

रूप बदलणाऱ्या रोबोटचा इतिहास या अंकाच्या वाचकाला तोंडपाठ असतो. ताकारा कंपनीने अमेरिकेच्या जी. आय. जोवरून आधी बारा इंची बाहुला काढला, त्यातून 1972मध्ये ‘हेन्शिन सायबॉर्ग’, 1974मध्ये ‘मायक्रोमॅन’ आणि 1980मध्ये ‘डायाक्लोन’ निघाला. पुढे हॅस्ब्रोने डायाक्लोन आणि मायक्रोमॅनचे साचे एकत्र आणून 1984मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने अमेरिकेत विकायला काढले. ऑप्टिमस प्राइम हा मूळचा डायाक्लोनचा ‘बॅटल कॉन्व्हॉय’. वॉल्थर पी-38 पिस्तुलाचा मेगाट्रॉन आणि कॅसेट प्लेयरचा साउंडवेव्ह, हे दोघे मायक्रोमॅनच्या घरातले. हे सगळे आपण जपानी कॅटलॉगांतून आणि अमेरिकी पुस्तकांतून शिकलो. आपल्या गल्लीत या खेळण्याचे काय झाले, हे मात्र कुणी लिहून ठेवलेले नाही.

1982च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. हॅस्ब्रोने ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले तेव्हा लालबाग, परळ, वरळीतल्या कितीतरी घरांत पगार बंद होता. त्या घरांत अस्सल ऑप्टिमस प्राइम कुठून येणार? तिथे आली ती नक्कल: फुटपाथवरची, जत्रेतली, खोक्यावर कंपनीचे नाव नसलेली. आपण तिला ‘केओ’ म्हणतो आणि बाजूला सारतो. माझे मत असे की आपल्या शहरापुरता या छंदाचा खरा इतिहास त्या केओंमध्येच आहे.

डिलाईल रोडच्या बाजूला राहणाऱ्या एका वाचकाने मध्यंतरी माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडून दाखवली. चाळीशी ओलांडलेला माणूस, वडील गिरणीत फिटर. पेटीत मळकट लाल प्लास्टिकचा एक ट्रक होता, माउंट मेरीच्या जत्रेतून आणलेला. साचा जुन्या डायाक्लोनवरून घेतलेला दिसतो, पण पायाच्या जोडणीत एक घडी कमी आहे. नक्कल करणाऱ्याने खर्च वाचवायला दोन भागांचा एक केला असणार. त्यामुळे रोबोट उभा राहतो तो किंचित पुढे झुकून. पाठीवर चार स्क्रू, त्यांतले दोन गंजलेले. उजव्या खांद्याची पिन मूळची नाही. ती कधीतरी तुटली तेव्हा वडिलांनी सायकलच्या स्पोकचा तुकडा मापात कापून, दोन्ही टोके ठोकून चपटी करून बसवली. आज इतक्या वर्षांनीही तो खांदा गच्च आहे, जरासुद्धा लोंबत नाही. पिन ठोकून बसवणे हे काम आपल्यातले अनुभवी संग्राहकही घाबरत घाबरत करतात. गिरणी बंद असलेल्या फिटरने ते मुलासाठी घरात बसून केले.

हा ट्रक भंगारात जाणार होता. वाचकाच्या पत्नीने विचारले म्हणून राहिला.

जी. आय. जोच्या बाबतीत काय झाले ते आपल्या डोळ्यांपुढे आहे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतल्या फनस्कूलने हे बाहुले भारतात काढले. कंपनीचा कारखाना तेव्हा गोव्यात होता. मूळ रंग सोडून भलत्याच रंगांत निघालेले ते बाहुले आज जगभरचे संग्राहक शोधत फिरतात. कोणता रंग, खोक्यावर कोणते चित्र, कोणत्या साच्याचे डोके कोणत्या धडावर, याची बारीक टिपणे बहुतेक परदेशी संग्राहकांनी केली. ज्या मुलांनी ते बाहुले रुपयांत विकत घेतले, त्यांच्याकडून फारसे काही आले नाही. रोबोटच्या बाबतीत पुन्हा तसेच व्हावे, हे मला सहन होण्यासारखे नाही.

आयातीबद्दलची तुमची पत्रे आमच्याकडे सतत येतात, आणि तक्रार रास्त आहे. 2020मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेले, 2023मध्ये 70 टक्के झाले. 1 जानेवारी 2021पासून आयएसआय चिन्हाची सक्ती आली. बाहेरून ‘मास्टरपीस’ मालिकेतला एखादा ट्रान्सफॉर्मर मागवणे आता सोपे राहिलेले नाही. अशा वेळी हाताशी असलेल्या गोष्टींकडे वळायला काय हरकत आहे? वरळी, नायगाव, डिलाईल रोड, इथल्या माळ्यांवर जे पडून आहे त्याला सीमाशुल्क लागत नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. चाळ रिकामी होत असताना तिथे कमी किमतीत माल उचलायला जाऊ नका. शिफ्टिंगच्या गडबडीत माणूस घाईत असतो, मुलांचे जुने खेळणे किती किमतीचे असू शकते याची त्याला कल्पना नसते. ती तुम्हाला असते. अस्सल डायाक्लोन सापडला तर त्याची चालू किंमत आधी घरच्यांना सांगा आणि मग विकत घ्यायचे की नाही ते विचारा. किंमत लपवून घेतलेल्या वस्तूला या मासिकात जागा मिळणार नाही, मग ती कितीही दुर्मीळ असो. आणि घरच्यांना ती ठेवायचीच असेल तर नीट कशी ठेवायची ते दाखवून परत या. तेही आपलेच काम आहे.

बांधाबांधीबद्दल थोडे. वरळीला समुद्र लागून, हवेत कायम खार. माळ्यावरून काढलेल्या जुन्या रोबोटचे रूप लगेच बदलायला जाऊ नका. सोनेरी वा चमकी मिसळलेले जुने प्लास्टिक आतून ठिसूळ झालेले असते आणि बोटांच्या नेहमीच्या जोरानेही पिनेपाशी तडकते. ब्लॅक झारॅक या रोबोटचे काय होते ते ठाऊक असणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ज्या रूपात सापडला त्याच रूपात पॅक करा. बॅटरीचा कप्पा उघडून पाहा, सेल असतील तर काढा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई प्लास्टिकवर उतरते. बबल रॅप थेट अंगाला लागू देऊ नका, त्याचे गोल ठसे उमटून राहतात. आत बटर पेपर घाला. रबराची चाके प्लास्टिकला चिकटून राहिली की ते विरघळते, म्हणून मधे कागद हवाच. सुटलेले हात, मुठी, क्षेपणास्त्रे एका लहान पिशवीत घालून त्याच खोक्यात ठेवा. पुढे वर्षभराने ‘हे कशाचे?’ म्हणत कुणी फेकून देते ते हेच भाग. आणि स्पोकची पिन, खळीने चिकटवलेला स्टिकर, नेलपॉलिशने रंगवलेले डोळे असे काही दिसले तर ते ‘सुधारू’ नका. पिवळे पडलेले प्लास्टिक पेरॉक्साइडने उजळवायचा मोहही इथे आवरा.

पुढच्या अंकापासून आम्ही दोन पाने फक्त मुंबईच्या माळ्यांवरच्या रोबोटना राखून ठेवत आहोत. अस्सल असो वा केओ, पूर्ण असो वा एका पायाचा. फोटो तीन हवेत: वाहनाचा, रोबोटचा, आणि पाठीवरच्या स्क्रूंचा, कारण नक्कल कोणत्या साच्यावरून उतरली हे बहुतेक वेळा स्क्रूंच्या जागांवरून कळते. रूप बदलताना तुटायची भीती असेल तर दोनच पाठवा. सोबत लिहा की तो कुठे घेतला, साधारण कोणत्या वर्षी, कुणी दुरुस्त केला. वर्ष आठवत नसेल तर तेव्हा कितवीत होता ते लिहिले तरी चालेल. पहिली नोंद त्या लाल ट्रकची असेल, आणि घरच्यांनी होकार दिला तर खांद्यातल्या पिनेचा मोठा फोटोही छापू.