बजेट साठ हजार, डोक्यात आरटीएक्स

राखीच्या आठवडाभर आधी मामेभावाचा फोन आला. २०२५चा ऑगस्ट, डेडलाइन मानेवर बसलेली, मी अंधेरीच्या एका कॅफेत तिसऱ्या कॉफीवर. "ताई, गेमिंग पीसी घ्यायचाय. आय-सेव्हन, आरटीएक्स, आरजीबी लाइट. साठ हजार आहेत."

मी म्हटलं, "त्यात लाइट येतील."

आता हा माझा धाकटा मामेभाऊ म्हणजे खेडचा. लोटे एमआयडीसीत एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागलाय, शिफ्ट ड्युटी करतो. साठातले चाळीस त्याने वर्षभर पगारातून मागे टाकलेले. उरलेले वीस मामीच्या भिशीचे. हे दुसरं कळलं आणि माझ्या पोटात गोळा आला. स्वतःच्या पैशांनी चुकीचा मोबाइल घेतला तर दोन दिवस चडफडतो आणि सोडून देतो. मामीच्या भिशीचे पैसे फुकट घालवले तर गणपतीला त्या घरात पाय कुठल्या तोंडाने ठेवायचा?

शिवाय त्या घरात कॉम्प्युटर या विषयाला इतिहास आहे. मामाचं दुकान बाजारपेठेत, वर राहतं घर. दुकानात बिलं करायला एक जुना पीसी होता. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी मामा जेवून आडवा झाला की मी त्यावर व्हाइस सिटी खेळायचे. बिलिंगच्या मशीनवर गाड्या चोरायला शिकले, थँक्स टू मामा. २२ जुलै २०२१ला जगबुडीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि इतर सगळ्याबरोबर तो पीसीही गेला. नंतर दुकान पुन्हा उभं राहिलं. हिशेब वहीत आणि मोबाइलवर आले. पीसी मात्र परत आला नाही. त्यामुळे मामाचं म्हणणं सरळ होतं: "बाय, पाण्यात गेलेली वस्तू पुन्हा कशाला आणायची? त्यापेक्षा घरावर पत्रे घालू."

तर हे सगळं खांद्यावर घेऊन मी, एक मास कॉमची पोरगी, हार्डवेअर एक्स्पर्ट झाले.

पहिलं काम त्याच्या डोक्यातून आय-सेव्हन काढायचं. त्याने मला एक जाहिरात फॉरवर्ड केली होती, 'आय-सेव्हन गेमिंग पीसी, फक्त पंधरा हजार'. मंडळी, हा सापळा नीट समजून घ्या. आय-सेव्हन हे नाव इंटेलने वर्षानुवर्षं वापरलंय. २०१२चा आय-सेव्हन ३७७० हाही आय-सेव्हनच. ऑफिसांनी भंगारात काढलेली ती मशीन पुसून, नवीन काचेच्या डब्यात घालून, चार रंगीत पंखे लावून विकतात. मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे त्यावर विंडोज ११ चालत नाही, आणि विंडोज १०चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे तेव्हाच जाहीर होतं. बरं, त्यात ग्राफिक्स कार्ड कुठलं? जीटी ७३०, 'चार जीबी'. हे २०१४चं कार्ड. गेमिंगच्या बाबतीत त्या चार जीबीचा उपयोग म्हणजे छोट्या मोरीला मोठी टाकी लावण्यासारखा. नळाला धारच नाही, टाकी घेऊन काय करणार?

दुसरा सापळा थोडा सोफिस्टिकेटेड आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० दोन प्रकारात मिळतं, आठ जीबी आणि सहा जीबी. वाटतं, दोन जीबीचाच तर फरक. पण २०२४च्या फेब्रुवारीत आलेल्या सहा जीबीवाल्यात चिपमधले कोअर्ससुद्धा कमी आहेत, २५६० ऐवजी २३०४, आणि मेमरीचा रस्ता १२८ बिटवरून ९६ बिटवर आलाय. नाव मात्र तेच. खोक्यावर 'आरटीएक्स' दिसलं की आमच्या चिरंजीवांचे डोळे चमकतात, म्हणून हे त्याला फोनवर तीनदा समजावलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "ताई, पण आरटीएक्स नाव किती भारी आहे गं." नाव भारी आहे, कबूल.

मग मी त्याला एकच प्रश्न विचारला, जो खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा होता: खेळणार काय? उत्तर: व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह, आणि जमलं तर रेड डेड टू. इथे फंडा क्लिअर झाला. व्हॅलोरंटसारखा गेम ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त विसंबतो, रेड डेड टू कार्डाचा घाम काढतो. स्क्रीन साधा फुल एचडी. म्हणजे प्रोसेसर बरा, कार्ड त्याहून बरं, आणि दोघांपैकी कुणी दुसऱ्याची वाट बघत बसू नये. लग्न जमवण्यासारखंच.

प्रोसेसर ठरला एएमडीचा रायझन ५ ५६००. सहा कोअर, बारा थ्रेड, २०२२चं मॉडेल, खोक्यातच पंखा मिळतो. त्याहून स्वस्त इंटेलचा आय-३ १२१००एफ होता, तोही वाईट नाही, पण चार कोअरवर मी पाच वर्षांचा जुगार खेळायला तयार नव्हते. नवीन एएम५ सॉकेटवर जायचं का, यावर आमची दोन रात्री चर्चा झाली. त्यात पुढे प्रोसेसर बदलायची सोय राहते, हे खरं. पण बोर्ड महाग, डीडीआर५ रॅम महाग, आणि तो जास्तीचा खर्च शेवटी ग्राफिक्स कार्डातूनच कापला गेला असता. पुढच्या पाच वर्षांच्या अपग्रेडसाठी आजचा गेम अडखळत खेळायचा, हे मला पटलं नाही. तुम्हाला पटत असेल तर तुमचा पगार जास्त आहे.

कार्ड रॅडिऑन आरएक्स ६६००. आठ जीबी, १३२ वॉट खातं, २०२१चं, साधारण वीस हजारांना. बजेटचा एक तृतीयांश एकट्या कार्डात. माझ्या मते गेमिंग मशीनमध्ये हे प्रमाण असंच हवं, थोडं जास्तही चालेल. सेकंडहँड आणखी स्वस्त मिळतात, पण २०२२च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडल्यावर रात्रंदिवस राबवलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यातलं कुठलं कुठे फिरतंय कोण सांगणार? भिशीच्या पैशांवर वॉरंटी हवी म्हणजे हवी.

शनिवारी तो मुंबईला आला आणि आम्ही ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण १९०७ सालापर्यंत मुंबईचा गव्हर्नर असलेल्या त्या लॅमिंग्टनसाहेबाला लोक अजून सोडत नाहीत. (रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.) पहिल्याच दुकानात काउंटरवरच्याने माझ्याकडे बघितलं. "मॅडम को लॅपटॉप चाहिए?" मी पार्ट्सची यादी वाचून दाखवली. त्याने उत्तरं माझ्या भावाला दिली. मी विचारायचं, त्याने भावाला सांगायचं, भावाने माझ्याकडे बघायचं. असा आमचा त्रिकोणी संवाद चार दुकानांत झाला. पाचव्या दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी मात्र यादी बघितली आणि मलाच विचारलं, "रॅम एक सोळाची की दोन आठच्या?" तिथेच खरेदी केली.

दोन आठच्या. कारण दोन पट्ट्या लावल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात. किंमत जवळपास तीच.

त्याआधी एका दुकानात गंमत झाली होती. सगळ्यात कमी भाव त्यांचाच, जवळजवळ अडीच हजारांनी. मी बिल वाचलं. पॉवर सप्लायच्या ओळीत नुसतं '४५० डब्ल्यू'. कंपनी नाही, मॉडेल नाही. विचारलं तर म्हणे, "सब सेम होता है." नाही हो, सेम नसतं! पॉवर सप्लाय हा एकच पार्ट असा आहे की जो जाताना एकटा जात नाही, बोर्ड आणि कार्डाला सोबत नेऊ शकतो. '८० प्लस ब्रॉन्झ' हा शिक्कासुद्धा फक्त वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, दर्जाची हमी देत नाही. त्यामुळे शिक्का बघा, पण कंपनी आणि वॉरंटीची वर्षंही बघा. आम्ही ५५० वॉटचा नावाजलेला घेतला, साधारण चार हजार. आमच्या मशीनला तेवढी गरज नव्हती. पण खेडमध्ये पावसाळ्यात लाइट जशी येते-जाते, ते बघता इथे कंजुषी करणं म्हणजे छत्री विसरून कशेडी उतरणं.

आरजीबी? कॅबिनेटला पुढे जाळी आणि दोन पंखे असलेला साधा काळा डबा घेतला. भावाचा चेहरा बघवेना. जाळीतून हवा खेळते, काचेतून फक्त कौतुक खेळतं, असं मी म्हटलं. त्याला ते अजिबात आवडलं नाही.

मग मॉनिटरवर गाडी अडली. पैसे संपत आलेले. भाऊ म्हणाला, हॉलमधला बत्तीस इंची टीव्ही लावू. तो टीव्ही जुना, १३६६ बाय ७६८चा. वीस हजारांचं कार्ड त्याला जोडायचं म्हणजे हापूस आणून मिल्कशेक करायचा. शिवाय मामाच्या बातम्यांचं काय? मॉनिटर घेतला, चोवीस इंची, १०० हर्ट्झ, आठ हजार. एकूण अठ्ठावन्न हजार सातशे. यूपीएस बजेटबाहेर राहिला. तो मी दिला, राखीची उलटी ओवाळणी. हजार व्हीएचा. सहाशे व्हीएवाला म्हणजे साधारण ३६० वॉट, गेम चालू असताना मॉनिटर धरून फारच काठावर.

बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घेतला. तुम्हीही घ्या, दुकानदार कितीही 'अपना ही दुकान है' म्हणाला तरी. वॉरंटीचं काम निघालं तर खेडहून मुंबई-पुण्याला खोकं पाठवावं लागतं, तेव्हा तो कागदच कामाला येतो. "विंडोज टाकून देऊ?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

रविवारी मांडवीने खेड. पार्ट सुटेच नेले. जोडलेल्या मशीनमधलं जड कार्ड प्रवासात हिसके खाऊन स्लॉट ढिला करतं, म्हणून. कार्डाचा खोका भावाच्या मांडीवर, पनवेलपासून खेडपर्यंत. समोरच्या काकूंनी विचारलं, "मिठाई काय?"

घरी पोचल्यावर आधी वायरमनला बोलावलं. जुन्या घरात अर्थिंग नावालाच होतं, आणि अर्थिंग नसलं की पीसीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. नवीन अर्थिंग झालं, मामाने कपाळाला हात लावला. मशीन कुठे ठेवायचं यावर वादच नव्हता. वरच्या मजल्यावर, तेही टेबलावर. जगबुडीची धोक्याची पातळी सात मीटर, हे या घरात लहान पोरालाही पाठ आहे. दमट हवेसाठी एकच नियम सांगितला, की पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ तरी चालू कर, आठ-आठ दिवस बंद ठेवू नकोस. या नियमाचं पालन तो अतिशय निष्ठेने करतोय.

जोडायला आम्हाला तीन तास लागले. बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळा.

मामा दारात उभा. मामी देवासमोर. भाऊ माझ्याकडे बघतोय आणि माझ्या डोळ्यांसमोर भिशीतल्या बायका रांगेने. रॅम काढून लावली, कार्ड काढून लावलं, वायरी तपासल्या. अर्धा तास. मग कळलं, मॉनिटरची वायर मी मदरबोर्डला जोडली होती, ग्राफिक्स कार्डाला नाही. ५६००मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतंच, तिथून चित्र येणार कुठून? हे मी स्वतःच त्याला फोनवर शिकवलं होतं. वायर बदलली, चित्र आलं. मामी आतून म्हणाली, "दिसलं काय गो?"

दिसलं. आणखी दोन सेटिंग बाकी होत्या, ज्या बरेच जण विसरतात. रॅम आपोआप कमी वेगाने चालते, बायोसमध्ये जाऊन ती ३२००वर आणावी लागते. आणि १०० हर्ट्झचा मॉनिटर विंडोज कधीकधी साठवरच ठेवतं, तेही हाताने बदलायचं. नाहीतर पैसे दिले शंभराचे, बघताय साठ.

गणपतीत मुंबईहून आलेली सगळी चाकरमानी पोरं त्या मशीनसमोर नंबर लावून बसली होती. आरतीला हाका मारून मामीचा घसा बसला. मामाने गौरी जाईपर्यंत थांबून, कुणी नसताना मला हळूच विचारलं, "बाय, दुकानाची बिला ह्याच्यावर होतील काय?" होतील म्हटलं. आता सकाळी दहा ते बारा मशीन मामाकडे असतं.

आमचे आकडे मात्र आज जसेच्या तसे धरू नका. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि बनवणाऱ्या कंपन्यांना तिकडे जास्त पैसा दिसतो. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर तुमच्या-आमच्यासाठीचा क्रूशिअल ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नवीन मशीन जुळवताना आधी रॅम आणि एसएसडीचा भाव काढा, मग उरलेल्यात बाकीचं बसवा. जुन्या पीसीतली डीडीआर४ रॅम चालू असेल तर फेकू नका.

परवा भावाचा मेसेज आला, "ताई, रॅम ३२ करूया ना." मी त्याला लॅमिंग्टन रोडच्या काकांनी पाठवलेला भाव फॉरवर्ड केला. दोन निळ्या टिका आल्या. नंतर काहीच नाही.