इंग्रजी व्याकरणाचा जमाखर्च

२०२५ सालच्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत महाराष्ट्रात भाषेच्या प्रश्नावर जे रण माजले, ते आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा १६ एप्रिलचा सरकारी निर्णय लोकमताच्या रेट्यापुढे टिकला नाही. जूनमध्ये तो सौम्य करण्यात आला आणि अखेर २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमणे सरकारला भाग पडले. लोकांनी केले ते योग्यच केले. परंतु या गदारोळात एक प्रश्न कोणीच पुढे आणला नाही. सर्व शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सक्तीची झाली ती २००० सालच्या जूनपासून. म्हणजे हिंदीचा वाद ज्या महिन्यात ऐन भरात होता, त्याच महिन्यात इंग्रजीच्या या प्रयोगास पंचवीस वर्षे पुरी झाली! सामान्य दुकानदारही दर दिवाळीस वही बांधताना शिल्लक पाहतो. पंचवीस वर्षे चाललेल्या या खात्याची शिल्लक काय, हे पाहण्याची इच्छा मात्र ना सरकारला झाली, ना आंदोलकांना.

सातारा आणि सांगली या प्रांतास शाळांची वाण नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचे बीज लावले व १९२४ साली ते साताऱ्यास आणले. त्याच १९१९ साली सांगलीस विलिंग्डन कॉलेज निघाले. तेव्हा खेड्यातल्या मुलापर्यंत इंग्रजी पोहोचली नाही अशी तक्रार येथे तरी करता येणार नाही. ती पोहोचली, दहा दहा वर्षे त्याच्यासमोर बसली, आणि तरीही त्याच्या हाती लागली नाही. हे कसे झाले?

आमच्या मते याचे मोठे कारण व्याकरणाचा जो सराव आपण मुलांकडून करवून घेतो त्यात आहे. ‘ॲज सून ॲज’ने सुरू होणारे वाक्य ‘नो सूनर’ने सुरू करून दाखवा, ‘टू’ काढून टाका, प्रयोग बदला, रिकाम्या जागा भरा. प्रश्नपत्रिकेचे नाव बदलून कृतिपत्रिका झाले, पण ही कवाईत हटली नाही. हा खेळ मुले सफाईने खेळतात व गुणही मिळवितात. मात्र पासबुक हरवल्याचे बँकेच्या मॅनेजरास दोन ओळींत कळवा म्हटले की त्याच मुलाची लेखणी अडते. दुसऱ्याने दिलेले वाक्य उलटेसुलटे करणे निराळे, आणि आपल्या मनातले वाक्य परभाषेत उभे करणे निराळे. पहिल्याची कितीही आवृत्ती केली तरी दुसरे आपोआप साधत नाही.

त्यात आणखी एक घोटाळा आहे, व तो मराठीच्या अज्ञानातून निघतो. इंग्रजी ‘पॅसिव्ह व्हॉइस’ म्हणजे आपला कर्मणी प्रयोग, असे वर्गात सरसकट सांगण्यात येते. आता ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य घ्या. मराठीत हा कर्मणी प्रयोगच, कारण क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. आंब्याच्या जागी पोळी ठेवा, लगेच ‘खाल्ली’ होईल. पण त्याचे सरळ इंग्रजी ‘राम एट अ मँगो’ असे, म्हणजे ‘ॲक्टिव्ह’च! ‘ने’ दिसला की ‘बाय’ घालावा असे शिकलेले पोर येथे ठेचकाळले तर दोष पोराचा नव्हे. याच कऱ्हाड तालुक्यातील टेंभू गावी जन्मलेल्या आगरकरांनी १८८८ साली ‘वाक्यमीमांसा’ लिहून मराठी वाक्याचे अवयव सोडवून दाखविले. इंग्रजीच्या अभ्यासाने घासलेली बुद्धी त्यांनी मराठीकडे वळविली. आज आपल्याला नेमके त्याच्या उलट दिशेने जावयाचे आहे. परंतु ज्याला आपले वाक्य सोडविता येत नाही, तो परक्याचे काय सोडविणार?

हा केवळ पंतोजींचा वाद आहे असे आमच्या व्यापारी वाचकांस वाटेल, म्हणून त्यांच्याच पेढीवरचे उदाहरण देतो. ‘पंधरा तारखेपर्यंत माल पोहोचवू’ आणि ‘पंधरा तारखेपर्यंत माल गोदामात ठेवू’ या दोन्ही ठिकाणी मराठीला एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजीत पहिल्यास ‘बाय’ लागतो व दुसऱ्यास ‘टिल’. सांगलीचा हळदीचा किंवा तासगावच्या बेदाण्याचा व्यापारी परमुलखातल्या गिऱ्हाइकास ‘टिल’ घालून मुदत कळवू लागला, तर माल पोहोचण्याची शेवटची तारीख कोणती, यावर तंट्यास जागा राहते. ‘शल’ आणि ‘मे’ या दोन इवल्या शब्दांतले अंतर करारात किती महाग पडते, हे आम्हा वकिलांस तर निराळे सांगावयास नको. (त्यावर आमचे पोट भरते, हा भाग वेगळा.)

व्याकरण मुळीच शिकवू नये, मुलांना नुसते बोलू द्यावे, असे म्हणणारा दुसरा पक्ष आहे. त्याच्यात तथ्य नाही असे नव्हे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतील काही शाळांत व्याकरणाचे धडे बाजूस ठेवून मुलांस नकाशे, आगगाडीची वेळापत्रके असली कोडी इंग्रजीतून सोडवावयास दिली. त्या प्रयोगाची जगभर चर्चा झाली. अर्थाकडे लक्ष गुंतले की भाषा मुरते, हे त्यातील मर्म आम्ही मान्य करतो. परंतु ज्या मुलाच्या कानावर वर्गाबाहेर इंग्रजीचा शब्दही पडत नाही, त्याला नियम कधीच सांगावयाचा नाही हे म्हणणे म्हणजे विहीर न दाखविता पोहावयास सांगण्यासारखे आहे. शिवाय घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचे नुकसान या मताने होत नाही. नुकसान होते ते माण-खटाव, जत-आटपाडीच्या पोरांचे.

आणि ते नुकसान लहान नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीची ३०० गुणांची पत्रिका केवळ पात्रतेची आहे; पण तीत जो अडला त्याच्या बाकीच्या पत्रिका गुणवत्तेसाठी धरल्याच जात नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरास बसू लागले व सातारा-सांगलीच्या पक्षकारांचा मुंबईचा हेलपाटा वाचला, याचा आम्हांस आनंद आहे. तथापि घटनेच्या ३४८व्या कलमान्वये, संसदेने निराळी तरतूद करीपर्यंत उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजीच आहे. न्यायमंदिर जवळ आले. त्याचा उंबरठा होता तेवढाच उंच राहिला. तो आमच्या मुलांनी ओलांडावा असे वाटत असेल तर शाळेतला सराव बदलला पाहिजे.

तो कसा, हे सांगण्यास नवी समिती नको. दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी एक वर्षभर मुलांच्या वहीतल्या चुका पुसून न टाकता उतरून ठेवाव्यात. ‘आय हॅव कम येस्टर्डे’ ही चूक हजारांत आढळेल, कारण ‘मी काल आलो आहे’ हे मराठीत शुद्ध आहे. ‘आय डोंट नो व्हेअर इज ही’ हीही तितकीच आढळेल. या मूर्खपणाच्या चुका नव्हेत, त्या मराठी वळणाच्या आहेत, आणि त्या त्या वळणावर मराठी व इंग्रजी वाक्य शेजारी मांडूनच त्या सुटतील. सराव मुलाच्या स्वतःच्या वाक्यांवर व्हावा: बापाच्या दुकानाचे पत्र, एस.टी.च्या आगारप्रमुखास अर्ज, घरच्या द्राक्षबागेची हकीकत. परीक्षेतही निम्मे गुण अशा लेखनास ठेवावेत. ‘नो सूनर’ची वाक्ये त्यानंतर उरलेल्या वेळात खुशाल फिरवावीत.