देहलीदीप आणि मोटारीचे दिवे

संस्कृतांत ‘देहलीदीपन्याय’ म्हणून एक न्याय प्रसिद्ध आहे. उंबरठ्यावर ठेविलेला दिवा एकच असतो, परंतु त्याचा उजेड घरांतहि पडतो आणि अंगणांतहि पडतो. शास्त्रीमंडळींनीं हा न्याय वाक्यांतील एका पदाचा दोहोंकडे अन्वय लावण्याकरितां योजिला. आम्हांस मात्र तो हल्लीं मोटारीच्या पुढच्या दिव्यांकडे पाहून आठवतो. हा दिवा मालकाच्या पैशानें घेतलेला खरा, पण त्याच्या उजेडाशीं समोरून येणाऱ्या अनोळखी मनुष्याचाहि संबंध असतो. म्हणून त्याचें रूप बदलतांना मालकानें केवळ स्वतःची आवड पाहून भागत नाहीं.

हें लिहिण्याचें कारण असें कीं, सुट्टीच्या दिवशीं मोटारीचे दिवे घरींच सजविण्याची हौस आमच्या तरुण मंडळींत बरीच दिसते. कोणी त्यांवर काळी फिल्म चिकटवितो, कोणी दिव्याभोंवतीं रंगीत कडें बसवितो, तर कोणी मूळचा पिवळसर बल्ब काढून निळसर पांढरा एलईडी घालतो. हौसेस आमचा विरोध नाहीं. वस्तु स्वतःच्या हातानें उघडून तिची रचना समजून घेणें हें शिक्षणच आहे, आणि ज्या घरांत मुलगा पान्हा हातीं धरतो त्या घरच्या वडिलांनीं संतोषच मानावा. परंतु रचना समजून फेरफार करणें निराळें, आणि न समजतां करणें निराळें.

अनेक मोटारींत असणारा ‘एच ४’ जातीचा हॅलोजन बल्ब उदाहरणादाखल घेऊं. त्यांत दोन तारा असतात, एक दूरच्या उजेडाची व दुसरी जवळच्या उजेडाची. सामान्यतः त्या ६० व ५५ वॉटच्या असतात. जवळच्या उजेडाच्या तारेखालीं धातूची एक इवलीशी वाटी असते. ती खालीं जाणारा प्रकाश अडविते. त्यामुळें परावर्तकाच्या वरच्या भागावरच प्रकाश पडतो आणि तेथून तो रस्त्याकडे वळतो. आपण डाव्या बाजूनें गाडी हांकतों, म्हणून हा झोत उजवीकडे खालीं दाबलेला व डावीकडे किंचित् उचललेला असतो. समोरच्याचे डोळे दिपूं नयेत आणि डाव्या कडेचा पादचारी मात्र दिसावा, असा त्यांतील हेतु. ही सारी व्यवस्था तारेच्या नेमक्या जागेवर अवलंबून असते. त्याच खोबणींत भलताच एलईडी बसविला कीं प्रकाशाच्या उगमाचा आकार व जागा दोन्ही बदलतात, आणि झोत वर उधळतो. चालकास वाटतें, दिवा प्रखर झाला. वस्तुतः तो समोरच्याच्या तोंडावर गेलेला असतो. करायला गेला गणपति आणि झाला मारुति, त्यांतलाच हा प्रकार!

काळ्या फिल्मची गोष्ट याच्या उलट. दिवसा ती ऐटबाज दिसते, पण रात्रीं उजेडच गिळून टाकते. याहून साहसाचा मार्ग म्हणजे दिवा भट्टींत तापवून, त्याचा चिकट जोड मऊ करून, पुढचें आवरण सोडविणें आणि आंतील भाग काळा रंगविणें. स्वयंपाकघरांतील ओव्हन या कामीं नेला जातो तेव्हां गृहिणीचा संताप आम्हांस सर्वथैव योग्य वाटतो. जोड पुन्हा नीट बसला नाहीं तर पावसाळ्यांत आंत दमटपणा शिरतो, आवरणावर आंतून धुकें धरतें आणि परावर्तकाची चकाकी जाते.

मग घरीं करण्याजोगें कांहींच नाहीं काय? आहे, आणि तें शोभेचेंहि आहे. आतांच्या दिव्यांचें आवरण कांचेचें नसून बहुधा पॉलिकार्बोनेटचें असतें. त्यावरचा संरक्षक थर उन्हानें झिजला म्हणजे तें पिवळें व धुरकट होतें. दिवा बंद करून निवूं द्यावा, साबणाच्या पाण्यानें धुवावा, भोंवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावावी; मग १०००, २००० व ३००० क्रमांकाचा पॉलिश पेपर याच क्रमानें, पाण्यानें भिजवून, हलक्या हातानें फिरवावा आणि शेवटीं पॉलिश करावें. येथें पुष्कळजण थांबतात व फसतात. घांसल्यानें उरलासुरला थरहि निघून जातो. त्यावर अतिनील किरण अडविणारा पारदर्शक लेप न दिल्यास पिवळेपणा लवकरच परत येतो. दंतमंजनानें येणारी चमक तर चार दिवसांची पाहुणी. हें एवढें नीट साधलें तरी जुनी गाडी नव्यासारखी दिसते, आणि उजेडहि वाढतो.

कायद्याचेंहि या बाबतींत म्हणणें आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकानें नमूद केलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरबदल करण्यास मनाई करतें. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १०६ व्या नियमानें तर डोळ्यांची जागाच मोजून दिली आहे: दिव्यापासून ८ मीटर दूर, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंच. तेथें असलेले डोळे खालीं वळविलेल्या झोतानें दिपतां कामा नयेत.

दीड मीटर म्हणजे जवळजवळ आपल्या घरांतील आजीच्या डोळ्यांची उंची. म्हाताऱ्या डोळ्यांना दिपल्यावर सांवरावयास तरुणांहून अधिक वेळ लागतो; मोतीबिंदु असेल तर प्रकाश डोळ्यांतच विखुरतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी तर एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. म्हणून दिव्याला हात लावणाऱ्या प्रत्येक मुलाला आमचें सांगणें एवढेंच कीं, काम संपल्यावर रात्रीं गाडी सपाट जागेवर उभी करावी, झोत खालीं वळवावा, आठ मीटर मोजून त्या जागीं आजीला क्षणभर उभें करावें आणि विचारावें, “आजी, डोळे दिपतात का?” ती ‘नाहीं’ म्हणाली तर दिवा साधला. तिनें डोळ्यांवर पदर धरला तर तो कितीहि सुंदर दिसो, पुन्हा उघडावा.