लस विकली गेली, नोंद कुठे गेली?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोरवा ही गावं ओळीने येतात. समजा, मोरव्यात एखाद्याला कुत्रा चावला. पहिलं इंजेक्शन त्याने सरकारी रुग्णालयात मोफत घेतलं. तिसऱ्या दिवशी कामाला दांडी मारता येईना, म्हणून स्टेशनजवळच्या मेडिकलमधून लस विकत घेतली आणि बर्फाच्या पिशवीतून डॉक्टरांकडे नेली. सातव्या दिवशी आणखी तिसरीकडे. दंडात घ्यायच्या या लसीचे डोस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असतात. शेवटी हातात काय राहतं? एक केसपेपर, दोन बिलं आणि आठवण.

दोन वर्षांनी पुन्हा कुत्रा चावला, तर हीच कागदपत्रं कामाची ठरतात. आधीचे डोस पूर्ण झाल्याचा पुरावा असेल तर साधारणपणे दोनच डोस पुरतात, जखमेतलं महागडं सीरम लागत नाही. पुरावा नसेल तर सगळं पहिल्यापासून.

कोविडच्या काळात हा प्रश्न आला नाही. 16 जानेवारी 2021 पासून प्रत्येक डोस को-विनवर चढत होता, प्रमाणपत्र मोबाइलमध्ये येत होतं. त्याच धर्तीवरचं यू-विन आता गर्भवती आणि मुलांचं नियमित लसीकरण नोंदवतं. पण मोठ्यांनी मेडिकलमधून घेतलेली फ्लूची, टायफॉइडची, कावीळ-ब ची लस? तिचा हिशेब दुकानाच्या बिलातच थांबतो.

गंमत म्हणजे निम्मी माहिती दुकानदाराकडे आधीच असते. औषध नियमांनुसार लस विकताना उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत नोंदवावी लागते. नसतं ते एवढंच, की ती लस कुणाच्या दंडात, कधी गेली. शिवाय 2 ते 8 अंशांत ठेवायची लस दुकानातून निघाल्यावर किती वेळ रिक्षात होती, हेही कुणी लिहीत नाही. (उन्हाळ्यात फाटकाजवळच्या कोंडीत अडकलेल्याला ते विचारा.)

ऑस्ट्रेलियात फार्मासिस्ट स्वतः लस टोचतात आणि राष्ट्रीय नोंदवहीत ती नोंदवणं 2021 पासून कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे लगेच फार्मासिस्टच्या हाती सुई द्या, असं मी म्हणणार नाही. अनेक काउंटरवर परवाना भिंतीवर आणि फार्मासिस्ट घरी, हे आपण पाहतोच. तिथे आधी शिस्त हवी.

पण नोंदीसाठी सुई लागत नाही. दुकानाने बिलासोबत लसीचा कोड आणि बाहेर काढल्याची वेळ द्यावी, टोचणाऱ्या डॉक्टरने तो कोड स्कॅन करून डोस पूर्ण झाल्याचं नोंदवावं. दुकानदाराला रुग्णाचा बाकीचा इतिहास दिसण्याची गरज नाही, दिसूही नये. गावातल्या दुकानात सगळेच ओळखीचे असतात. कुणी कुठली लस घेतली, याची चर्चा काउंटरवर नको. यू-विनचं दार प्रौढांच्या लसींसाठी उघडलं, तर हे काम नव्या ॲपशिवायही होईल.

तोवर तुम्ही एक करा. लस घेतल्यावर कुपीवरच्या लेबलचा, बिलाचा आणि डॉक्टरांच्या सही-तारखेचा फोटो काढा आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनवर पाठवून ठेवा.