पदकांची चलनवाढ

‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी अस्तित्वात आली. दरवर्षी त्या दिवशी शाळाशाळांतून ध्वजवंदन होते, मुलांच्या रांगा उभ्या राहतात आणि त्यांच्यापुढे स्काऊटमास्तर व गाईड कॅप्टन उभे असतात. मुलांचा गणवेश तपासण्याची चाल आपल्याकडे आहे; स्कार्फची घडी नीट नसेल तर एखाद्या पोराला रांगेबाहेरही काढले जाते. पुढे उभ्या असलेल्या शिक्षकाच्या अंगावर काय आहे, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. कुणी रोजच्याच कपड्यांवर स्कार्फ अडकवून आलेला असतो, तर कुणाच्या छातीवर इतके बिल्ले आणि फिती की खिसा दिसू नये. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे, परंतु तो तसा नाही.

बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राऊनसी बेटावर जे पहिले शिबिर भरविले, त्यात सधन घरांतील विद्यार्थी आणि सामान्य कुटुंबांतील मुले एकत्र आणली होती. सर्वांचा वेष सारखा असला म्हणजे बापाची मिळकत झाकली जाते, हा गणवेशामागचा मुख्य विचार. दुसरा विचार उपयुक्ततेचा. गळ्यातला स्कार्फ हा वेळप्रसंगी जखमेला बांधावयाची त्रिकोणी पट्टी आहे. आपल्या देशात तर या वेषाला राजकीय इतिहासही आहे. १९०९ साली येथे आलेली ही चळवळ प्रथम युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. अ‍ॅनी बेझंट आणि अरुंडेल यांनी मद्रासेत हिंदी मुलांसाठी निराळी संघटना काढली, तेव्हा त्या मुलांच्या डोक्यावर साहेबी टोपीऐवजी फेटा आला. पाठोपाठ मालवीय, कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांची सेवा समिती उभी राहिली. डोक्यावर काय घालावे, हा त्या काळी स्वाभिमानाचा प्रश्न होता.

अर्थशास्त्रात संकेताचा सिद्धांत म्हणून एक विचार आहे. मायकेल स्पेन्स यांनी तो १९७३ साली मांडला. ज्याची पात्रता आपल्याला प्रत्यक्ष पारखता येत नाही, त्याच्याविषयी आपण काही खुणांवरून अंदाज बांधतो. आणि ती खूण अपात्र माणसाला सहजासहजी मिळत नसेल, तोपर्यंतच तिला किंमत असते. नेत्याच्या गणवेशावरील चिन्हांना हे तंतोतंत लागू पडते. त्यांत दोन जाती आहेत, आणि त्यांची गल्लत हेच खरे दुखणे आहे. एक जात प्रशिक्षणाची. १९१९ साली गिलवेल पार्क येथे नेत्यांचा पहिला वर्ग झाला, तेव्हा झुलू राजा दिनुझुलू याच्या माळेतील म्हणून सांगितलेले लाकडी मणी प्रशिक्षितांना देण्यात आले. आपल्याकडील हिमालय वुड बॅज हा त्याच परंपरेतला. दोन मणी म्हणजे नेत्याचे प्रशिक्षण पूर्ण. तीन आणि चार मणी प्रशिक्षकांचे. दुसरी जात गौरवाची. तीत रौप्य हत्ती, रौप्य तारा, गुणवत्ता पदक ही मानचिन्हे येतात.

गौरवाचे चिन्ह खिरापतीसारखे वाटले गेले तर फार तर त्या चिन्हाची पत जाईल. ग्रेशॅमच्या नियमानुसार हलके नाणे चांगल्या नाण्याला बाजारातून हुसकावते. पदकांचेही तेच होते, कारण ज्याने खरोखर खपून पदक मिळविले तो पुढे ते लावण्यास संकोचू लागतो. प्रशिक्षणाच्या चिन्हाची गोष्ट मात्र अधिक गंभीर आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, नदीकाठी, दोन रात्रींच्या शिबिराला मूल पाठविणारी आई स्काऊटमास्तरांचे प्रमाणपत्र मागत नाही. ती त्यांच्या गळ्याकडे आणि छातीकडे पाहते. तेथे रंगीबेरंगी फितींची दाटी दिसली की माणूस जाणता आहे असे ती धरून चालते. त्या फिती निव्वळ मेळाव्यांतील हजेरीच्या असल्या, आणि बुडणाऱ्याला कसे बाहेर काढावे हे त्या गृहस्थांना कधी कोणी शिकविलेले नसले, तर?

अमेरिकेतील एक रिवाज येथे लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे ईगल हा मुलांचा सर्वोच्च दर्जा. पण तो मिळविलेला मुलगा प्रौढ नेता झाला की मूळ बिल्ला उतरवितो आणि त्याऐवजी गाठीचे चित्र विणलेली कापडाची लहानशी पट्टी लावतो. मुलाचे मुलाला, प्रौढाचे प्रौढाला. आपल्याकडे उलट प्रवाह आहे. समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळाबरोबर आता स्कार्फही घालतात. वचन घेतल्यावर जो मिळावयाचा, तो भाषण केल्याबद्दल मिळतो! रांगेतली मुले हे पाहत असतात.

गणवेशामुळे लष्करी वृत्ती बळावते, असा एक जुना आक्षेप आहे. त्यात मला फारसे तथ्य दिसत नाही. तीच वृत्ती बिनगणवेशाच्या संघटनांतही भरपूर आढळते. याहून रास्त तक्रार पैशाची आहे. विनाअनुदानित शाळेतील शिक्षकावर पथक सोपविले जाते, पण शर्ट, विजार, पट्टा, टोपी, बूट हे त्याने बहुधा पदरमोड करून घ्यावयाचे. अशाने अर्धवट वेष दिसला तर दोष एकट्या त्याचा कसा? हा खर्च शाळेच्या अंदाजपत्रकात आला पाहिजे. मुलांच्या क्रीडासाहित्याइतकाच तो सार्वजनिक खर्च आहे.

गौरवपदके समारंभापुरती असावीत. शिबिरात आणि साप्ताहिक तासाला साधा गणवेश, सदस्यत्वाचे चिन्ह आणि प्रशिक्षणाची खूण एवढेच अंगावर असावे. जिल्हा कार्यालयांनी प्रशिक्षित नेत्यांची यादी दरवर्षी शाळांकडे पाठवावी. आणि शिबिरासाठी पालकांची सही ज्या संमतिपत्रावर घेतली जाते, त्यावर मुलाच्या नावाखाली आणखी एक ओळ छापावी: सोबत जाणाऱ्या नेत्याचे नाव, त्याने पूर्ण केलेला वर्ग आणि त्याचे साल.